वेगाची चौथी अट : बुगाटी व्हेरॉनच्या निमित्ताने

मराठीत मोटारींवर लिहिले जाते ते बहुधा खरेदीच्या सल्ल्यापुरते. अ‍ॅव्हरेज किती, सर्व्हिसिंगला किती लागतात, मागच्या सीटवर तिघे नीट बसतात का, पाच वर्षांनी विकायला काढली तर हातात काय येईल. हे प्रश्न रास्तच आहेत. घराखालोखालची सर्वांत मोठी खरेदी त्यांवर ठरते. पण मोटारीकडे यंत्र म्हणून पाहायचे, तिच्यामागचे भौतिकशास्त्र, तिच्यावर ओतलेला पैसा आणि तिच्याविषयी माणसांना वाटणारी ओढ यांचा एकत्र विचार करायचा, असे लेखन आपल्याकडे थोडे. पुढील पानांत तसा एक प्रयत्न आहे. त्यासाठी निवडलेली मोटार विकत घ्यावी की नाही हा प्रश्न जवळजवळ कुठल्याच वाचकापुढे येणार नाही, आणि ते एका परीने बरेच आहे. हप्त्यांचा हिशेब डोक्यात नसला की यंत्र निवांत न्याहाळता येते.

ही मोटार म्हणजे बुगाटी व्हेरॉन. फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळच्या मोल्सहाइम गावी २००५ ते २०१५ या काळात ती तयार झाली. एकूण संख्या ४५०. त्यांपैकी ३०० बंद छपराच्या आणि १५० खुल्या. आठ लिटरचे इंजिन, १६ सिलिंडर, चार टर्बोचार्जर आणि १,००१ अश्वशक्ती. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटर गाठायला अडीच सेकंद. एप्रिल २००५ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसिन येथील चाचणीमार्गावर तिचा नोंदलेला वेग होता ताशी ४०८.४७ किलोमीटर. मोटारींच्या ट्रम्प कार्डांवर ज्यांचे बालपण गेले, त्यांना असे आकडे पाहून पत्ता आपलाच, असे वाटल्याशिवाय राहणार नाही. वाचकांनी तो आनंद जरूर घ्यावा. मात्र या विषयात थोडे पुढे जायचे असेल, तर पत्त्यावरचा सर्वांत मोठा आकडा काही काळ बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे. या मोटारीचे खरे कर्तृत्व त्या आकड्याच्या आजूबाजूला आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फर्डिनांड पीएख हे फोक्सवागन समूहाचे तेव्हाचे प्रमुख, फर्डिनांड पोर्शे यांचे नातू आणि स्वतः कसलेले इंजिन-अभियंता. १९९७ मध्ये जपानच्या शिन्कान्सेन गाडीत प्रवास करताना त्यांनी एका पाकिटावर १८ सिलिंडरच्या इंजिनाची आकृती काढली, ही गोष्ट मोटारजगतात सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षी फोक्सवागनने बुगाटी या नावाचे हक्क विकत घेतले. अठरा सिलिंडर पुढे सोळांवर आले. अटी मात्र ढळल्या नाहीत. एक हजारांहून अधिक अश्वशक्ती हवी. ताशी ४०० किलोमीटरच्या वर जायला हवी. शंभरचा वेग तीन सेकंदांच्या आत हवा. आणि चौथी अट अशी, की त्याच मोटारीतून, त्याच टायरांवर, त्याच संध्याकाळी ऑपेराला आरामात जाता आले पाहिजे.

पहिल्या तीन अटी शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्याला भीती घालणाऱ्या नाहीत. इंजिन मोठे करा, वजन उतरवा, आवाज आणि उष्णता चालकाने सोसावी, शर्यत संपली की इंजिन उघडून पुन्हा बांधावे. घोडे पेंड खाते ते चौथ्या अटीपाशी. ऑपेराला जाणाऱ्या माणसाला थंड हवा लागते, चामड्याची गादी लागते, सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिन तापून चालत नाही, गिअर बदलताना धक्का चालत नाही, आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. व्हेरॉनचा अभ्यास म्हणजे मुख्यतः या चौथ्या अटीचा अभ्यास, हे या प्रस्तावनेचे म्हणणे आहे.

ही अट किती वेगळी होती, हे तिच्या पूर्वसूरींकडे पाहिले की कळते. आधुनिक सुपरकारची सुरुवात बहुतेक जण १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउरापासून धरतात. त्या परंपरेत गैरसोय हा जणू दागिनाच होता. १९८७ च्या फेरारी एफ-४० मध्ये गालिचा नव्हता, रेडिओ नव्हता, दार आतून उघडायला मुठीऐवजी एक दोरी होती, आणि रसिकांनी त्या दोरीचेही कौतुक केले. १९९० च्या दशकातली ब्रिटिश मॅक्लारेन एफ-१ अधिक सुसंस्कृत होती. चालक मधोमध, त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे एकेक प्रवासी, इंजिनाच्या कप्प्याला उष्णता परतवण्यासाठी सोन्याचा पातळ पत्रा. पण तिच्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा नव्हती. तिचे जनक गॉर्डन मरे यांना चालक आणि रस्ता यांच्यामध्ये दुसरे कुणी नकोच होते. मरे यांचा मार्ग वजन उतरवण्याचा, पीएख यांचा ताकद चढवण्याचा. मॅक्लारेनचे वजन १,१४० किलोच्या आत, व्हेरॉनचे जवळजवळ १,९००. वाचकांनी या दोन मोटारी शेजारी ठेवूनच वाचाव्यात. एकीशिवाय दुसरी पुरती कळत नाही.

वेग आणि ऐषआराम यांची सांगड घालण्याची हौस मात्र जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या ओळखीच्या घराण्यापर्यंत येतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही सुपरचार्जर लावलेली मोटार घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोन आसनी, लांबलचक बॉडी बांधून घेतली. त्या इंजिनाची ताकद कंपनी ३२० अश्वशक्ती सांगत असे. त्या काळी ही कल्पनेपलीकडची गोष्ट होती. माणिकबाग राजवाड्यासाठी एकार्ट मुथेसियससारखा तरुण जर्मन वास्तुकार निवडणाऱ्या या राजाची नजर चांगलीच आधुनिक होती. होळकरांची ती मोटार आजही जुन्या मोटारींच्या अभ्यासकांमध्ये आदराने ओळखली जाते. सुपरकारचा विषय परका वाटणाऱ्या मराठी वाचकाने एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता वेगाकडे येऊ. वेगाचा आकडा वाचताना पहिला प्रश्न विचारावा, तो कसा मोजला? रीतसर विक्रमासाठी मोटार त्याच मार्गावर दोन्ही दिशांनी ठरावीक वेळात पळवतात आणि सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा किंवा उताराचा फायदा उरत नाही. २०१० मध्ये व्हेरॉनच्या १,२०० अश्वशक्तीच्या ‘सुपर स्पोर्ट’ आवृत्तीने या पद्धतीने ताशी ४३१.०७२ किलोमीटर नोंदवले. गिऱ्हाइकाला दिलेली मोटार मात्र टायरांच्या सुरक्षिततेसाठी ४१५ वर अडवलेली होती. मग विक्रम कोणत्या मोटारीचा, असा वाद २०१३ मध्ये उभा राहिला. गिनेसने विक्रम आधी स्थगित केला आणि नंतर पुन्हा मान्य केला. पुढे २०१९ मध्ये बुगाटीच्याच शिरॉनच्या एका पूर्वप्रतीने ४९०.४८४ गाठले, पण एकाच दिशेने. म्हणून त्या आकड्याची जात निराळी. असे तपशील रुक्ष वाटतील, पण ‘जगातली सर्वांत वेगवान’ हे शब्द वाचल्यावर कुठे थांबायचे, ते यांनीच कळते.

दुसरा प्रश्न असा, की एवढी ताकद जाते कुठे? एसटीच्या खिडकीतून तुम्ही कधी हात बाहेर काढला असेल, तर उत्तर तुमच्या तळहाताला ठाऊक आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. वेग दुप्पट तर शक्ती आठपट. व्हेरॉनच्या दोन आवृत्त्यांत हा नियम लख्ख दिसतो. ४०८ वरून ४३१ वर जायचे म्हणजे वेग जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढवायचा. त्याचा घन केला की शक्ती साधारण साडेसतरा टक्क्यांनी वाढवावी लागेल असे येते, आणि अभियंत्यांनी १,००१ ची १,२०० अश्वशक्ती केली. शेवटच्या तेवीस किलोमीटरसाठी एक-दोन चांगल्या कौटुंबिक मोटारींची सगळी ताकद खर्ची पडली. हा हिशेब एकदा अंगवळणी पडला की वेगाच्या बातम्या वेगळ्याच वाचल्या जातात.

इंधनाचेही तेच. टाकी १०० लिटरची; पूर्ण वेगाने ती सुमारे १२ मिनिटांत रिकामी होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. तो सरळ, सपाट आणि पूर्ण मोकळा आहे अशी कल्पना करा (बोरघाट आणि ट्रकवाले क्षमा करोत), कळंबोलीला टाकी भरून घ्या आणि ताशी ४०८ ने निघा. पुण्याचे टोक तेरा-एक किलोमीटर उरले असताना मोटार बंद पडेल. लिटरला आठशे-साडेआठशे मीटर, एवढे तिचे अ‍ॅव्हरेज. याच वेगाने टायर साधारण १५ मिनिटे टिकतील असे सांगितले जाते, म्हणजे टायर जायच्या आधी पेट्रोल संपते. यावर अनेकांनी विनोद केले आहेत, पण बंद पडण्याचा हा क्रम सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच म्हणायला हवा.

पेट्रोल जळले की त्यातली थोडी ऊर्जा चाकांपर्यंत पोचते आणि उरलेली उष्णता होते. एक हजार अश्वशक्ती चाकांना द्यायची, तर तिच्या दुपटीच्या आसपास उष्णता बाहेर टाकायची तयारी ठेवावी लागते. व्हेरॉनमध्ये १० रेडिएटर आहेत ते यासाठी. तीन इंजिनाच्या पाण्यासाठी, तीन टर्बोंनी दाबून तापवलेली हवा निववण्यासाठी, आणि इंजिनाचे तेल, गिअरबॉक्सचे तेल, डिफरन्शियलचे तेल, वातानुकूलन यांसाठी एकेक. आता पेच पाहा. रेडिएटरला हवा पाजायची तर बॉडीला भोके पाडावी लागतात, भोके पाडली की हवेचा अडथळा वाढतो, अडथळा वाढला की ताकद जास्त लागते, आणि ताकद वाढवली की उष्णता पुन्हा वाढते. मॅक्लारेन एफ-१ ने १९९८ मध्ये अवघ्या ६२७ अश्वशक्तीवर ताशी ३८६ गाठले होते. व्हेरॉनला त्याहून बावीस किलोमीटर पुढे जायला १,००१ लागल्या, त्याचे बरेचसे कारण या चक्रात आहे. व्हेरॉनचे इंजिन छपरामागे उघडेच ठेवलेले आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना हवा घेणारी दोन नसराळी आहेत. छायाचित्रात ती शोभेची वाटतात. ती तशी नाहीत.

या चक्रातून बाहेर पडायला वेळ लागला. ठरलेली तारीख पुढे ढकलावी लागली. २००३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या लगुना सेका मार्गावर लोकांसमोर दाखवायला आणलेली मोटार गिरकी घेऊन मार्गाबाहेर गेली. अभियंत्यांच्या नाकी नऊ आले. हा भाग कंपनीच्या गौरवग्रंथांत भराभर उरकला जातो. वाचकांनी तो सावकाश वाचावा, असे मी सुचवीन. मोटार स्थिर कशी करायची, हवेने तिला उचलू नये म्हणून काय करायचे, याची उत्तरे याच दोन वर्षांत सापडली.

त्या उत्तरांपैकी एक जवळून पाहण्यासारखे आहे. व्हेरॉनला दोन किल्ल्या असतात. नेहमीच्या किल्लीवर ती ताशी ३७५ पर्यंतच जाते. (‘पर्यंतच’ हा शब्द इथे जपून वाचावा.) त्यापुढे जायचे असेल तर मोटार पूर्ण थांबवायची, चालकाच्या आसनाच्या डाव्या बाजूला, खाली तळाशी असलेल्या कुलपात दुसरी किल्ली फिरवायची. मग संगणक टायर, तेल, तापमान यांची तपासणी करतो. सगळे ठीक असेल तर मोटार खाली बसते. पुढून जमिनीपासून ६५ मिलिमीटर, मागून ७०. मागचा पंख जवळजवळ आत जातो, तळाच्या पुढल्या झडपा मिटतात. आता ती हवेत सुरीसारखी शिरायला सज्ज असते, पण पकड मात्र कमी झालेली असते. म्हणून ब्रेकला पाय लागला की ही सगळी व्यवस्था त्या क्षणी मोडते आणि पंख पुन्हा वर येतो. अतिवेगाची परवानगी मागावी लागते, ती सशर्त मिळते, आणि एका चुळबुळीसरशी रद्द होते. यंत्राने माणसावर इतका कमी विश्वास ठेवावा, हे मला तरी या मोटारीतले सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते.

तोच पंख थांबतानाही कामाला येतो. मोठ्या वेगात ब्रेक दाबला की तो अर्ध्या सेकंदाच्या आत ताठ उभा राहतो आणि हवेलाच ब्रेक बनवतो. कार्बन-सिरॅमिकच्या चकत्या आणि हा पंख मिळून ताशी ४०० वरून मोटार १० सेकंदांच्या आत उभी करतात, असा कंपनीचा दावा आहे. गिअरबॉक्स इंग्लंडच्या रिकार्डो कंपनीचा, सात गिअर आणि दोन क्लच. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार, त्यामुळे बदलताना ओढ तुटत नाही. हा गिअरबॉक्स नसता, तर ऑपेराची अट कागदावरच राहिली असती. ज्यांना यंत्रात रस आहे त्यांनी त्याचे छेदचित्र शोधून पाहावे. शब्दांत त्याचे वर्णन करण्यात फारसा अर्थ नाही.

किमतीचे प्रकरण वेगापेक्षा अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि नवखा वाचक तिथेच गोंधळतो. कारण ‘किंमत’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी वावरतात. गिऱ्हाईक मोजते ती रक्कम पहिली. २००५ मध्ये ती कर सोडून सुमारे १० लाख युरो होती. पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेली. २०१० मध्ये दिल्लीत व्हेरॉनची खुल्या छताची ‘ग्रँड स्पोर्ट’ आवृत्ती सादर झाली तेव्हा भारतातली किंमत सुमारे १६ कोटी रुपये सांगितली गेली. तिची युरोपातली करपूर्व किंमत १४ लाख युरो होती. त्या वेळच्या दराने साडेआठ-नऊ कोटी. उरलेला बोजा मुख्यतः आयातशुल्काचा आणि करांचा. आपल्याकडे परदेशी मोटारीच्या किमतीचे आकडे वाचताना हा भाग वजा करायला विसरू नये, नाहीतर सरकारच्या वाट्याचे कौतुक कंपनीच्या पदरात पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे ती बनवायला आलेला खर्च. तो फोक्सवागनने कधी फोड करून सांगितला नाही. २०१३ मध्ये बर्नस्टाइन या संस्थेच्या विश्लेषकांनी अंदाज मांडला, की संशोधनाचा खर्च वाटून घेतला तर प्रत्येक व्हेरॉनमागे कंपनीला ४६ लाख युरोंच्या आसपास तोटा झाला. हा अंदाज आहे, हिशेबतपासनिसाचा दाखला नाही. पण दिशा खरी असावी. सरळ भाषेत, आतबट्ट्याचा व्यवहार. मग तो का केला? समूहाची अभियांत्रिकी कुठवर पोचते हे जगाला दाखवायला, हे उत्तर नेहमी दिले जाते आणि ते खोटे नाही. तरी मला त्याहून साधे उत्तर अधिक पटते. पीएख यांना ती हवी होती आणि नको म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. इथे मोल होते, फक्त ते भागधारकांनी चुकवले.

विशेष म्हणजे हा आतबट्टा बुगाटीच्या घराण्याला नवा नव्हता. मिलानमध्ये जन्मलेल्या एत्तोरे बुगाटी यांनी १९०९ मध्ये मोल्सहाइमला कारखाना काढला. टाइप ३५ सारख्या शर्यतीच्या मोटारींनी नाव कमावल्यावर राजेमहाराजांसाठी म्हणून त्यांनी पावणेतेरा लिटरच्या आसपास इंजिन असलेली ‘रॉयाल’ काढली. पंचवीस बनवायच्या होत्या. जागतिक मंदी आली. सहा बनल्या आणि तीनच गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेल्या इंजिनांचे करायचे काय? ती फ्रेंच रेल्वेच्या डब्यांत बसवली गेली आणि त्या रेल्वेडब्यांनी कारखाना तगवला. राजांसाठी घडवलेली इंजिने रेल्वेच्या उतारूंना घेऊन धावली, हा मोटारींच्या अर्थशास्त्रातला माझा आवडता प्रसंग. फ्रान्सच्या म्युलूझ शहरातल्या राष्ट्रीय मोटार-संग्रहालयात आज दोन मूळ रॉयाल आहेत. स्ट्रासबर्गकडे जाणे झाले, तर अर्धा दिवस तिकडे राखून ठेवावा.

तिसरी किंमत बाजाराची, आणि ती पहिल्या दोहोंना जुमानत नाही. मॅक्लारेन एफ-१ नवी होती तेव्हा गिऱ्हाईक मिळता मिळत नव्हते. तीनशे बनवण्याचा बेत होता, शर्यतीच्या धरून १०६ वर थांबावे लागले. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात त्यांपैकी एक मोटार दोन कोटी डॉलरच्या वर गेली. व्हेरॉनने अशी उडी आजवर घेतलेली नाही. संख्या चौपट हे एक कारण, आणि ती सांभाळण्याचा खर्च हे दुसरे. तिचे टायर खास मिशेलिनने बनवलेले, मागचे ३६५ मिलिमीटर रुंद, आणि ते रिमवर चढवायचे कामही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचे नव्हे. तेल बदलणे हा एक छोटेखानी समारंभ. एक मोटार घेतली की तिच्यामागे एक कार्यशाळा सांभाळावी लागते, आणि लिलावात बोली लावणाऱ्याला ते ठाऊक असते.

हे सगळे ध्यानात घेऊनही तिची ओढ का वाटते, हा शेवटचा आणि सर्वांत निसरडा प्रश्न. नावाचा वारसा हा त्याचा एक भाग. पिएर व्हेरॉन या चालकाने १९३९ मध्ये जाँ-पिएर विमिय यांच्यासोबत ल मांची चोवीस तासांची शर्यत बुगाटीतून जिंकली. त्याच विजयी मोटारीची चाचणी घेताना, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एत्तोरे यांचा मुलगा जाँ मोल्सहाइमजवळ अपघातात गेला, वय तीस. कारखान्याचे तेज तिथून उतरणीला लागले. पुढल्या पिढ्यांनी हे नाव पुन्हा उभे करण्याचा आग्रह का धरला, त्यात या शोकांतिकेचा वाटा नक्कीच आहे.

दुसरा भाग डोळ्यांना दिसणारा. योझेफ काबान या स्लोव्हाक आरेखकाने काढलेली रेघ फेरारी-लॅम्बोर्गिनीसारखी कोपऱ्या-कोपऱ्यांची नाही. ती गोल, भरीव, थोडी स्थूलही आहे. पुढे नालेच्या आकाराची जुनी बुगाटी जाळी, बाजूने दोन रंगांची वाटणी. आत प्लॅस्टिकचा भास होईल असे फारसे काही नाही, चामडे आणि घोटलेले अ‍ॅल्युमिनियम. काट्यांच्या फलकात एक तबकडी आहे जी त्या क्षणी इंजिन किती अश्वशक्ती वापरते आहे ते दाखवते. शेवटचा आकडा १,००१. शहरातल्या वेगाने जाताना तिचा काटा तळाशीच पडून असतो. नऊशे-साडेनऊशे अश्वशक्ती अखंड रिकाम्या बसलेल्या आहेत, ही जाणीव चालकाला पदोपदी करून देणारी ती तबकडी. या मोटारीच्या आकर्षणाचे यापेक्षा प्रामाणिक चित्र मला दुसरे माहीत नाही. लोक वापरायच्या ताकदीसाठी पैसे मोजतात, तसे न वापरायच्या ताकदीसाठीही मोजतात. वरळीच्या सागरी सेतूवर वेगमर्यादा ताशी ८० आहे; तरीही मुंबईत रविवारी सकाळी सुपरकार निघतातच.

टीकाकारांचेही ऐकावे. गॉर्डन मरे यांनी सुरुवातीला या प्रकल्पाला निरर्थक ठरवले होते. पुढे मोटार चालवून पाहिल्यावर तिच्यातल्या अभियांत्रिकीचे त्यांनी मोकळेपणाने कौतुक केले, पण हलक्या मोटारीचा आग्रह सोडला नाही. ही भूमिका मला अनुकरणीय वाटते. पर्यावरणाची बाजू तर वादातीत आहे. प्रमाणित चाचणीत ती शहरात लिटरला अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर जाते आणि मिश्र वापरात किलोमीटरमागे ५७४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. साडेचारशे मोटारी, त्याही बहुतेक काळ गॅरेजमध्ये, म्हणून प्रत्यक्ष हानी थोडी, असा बचाव केला जातो. तो हिशेबाने बरोबर असला तरी पुरेसा नाही, कारण अशा मोटारी हव्याशा वाटण्याची सवय लावतात आणि ती सवय साडेचारशेंपुरती राहत नाही. कौतुक आणि ही शंका या दोन्ही गोष्टी वाचकांनी सोबत घेऊन पुढे जावे.

व्हेरॉननंतर १,५०० अश्वशक्तीची शिरॉन आली. २०२१ मध्ये बुगाटीची सूत्रे क्रोएशियाच्या रिमाक कंपनीसोबतच्या भागीदारीत गेली, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या तूर्बियाँ या मोटारीत टर्बो जाऊन विजेच्या मोटरी आल्या. विजेच्या काही मोटारी शून्य ते शंभर आता सहज दोन-अडीच सेकंदांत गाठतात. तो आकडा पूर्वीसारखा दुर्मीळ राहिलेला नाही. दहा रेडिएटर, दोन किल्ल्या आणि पेट्रोलवर पोसलेले सोळा सिलिंडर अशी मोटार कुणी पुन्हा बनवेल असे वाटत नाही. तेव्हा ती नीट समजून घ्यायला ही वेळ चांगली आहे.

पुढील पाने क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. गणिताची भीती वाटत असेल, तर हवेच्या अडथळ्याचे प्रकरण खुशाल नंतरसाठी ठेवा. इतिहासाची आवड असेल, तर एत्तोरे आणि जाँ यांच्यापासून निघा. फक्त एक करा. वेगाच्या प्रकरणाआधी ब्रेकचे प्रकरण वाचा.